तांडेलाच्या नावाचं रक्त

माझा थोरला भाऊ सिल्वेरियो पंपबोटीवर, म्हणजे इंजिनाच्या लाकडी होडीवर, तांडेल आहे. लेते बेटाच्या आमच्या किनाऱ्यावरून समोरच्या छोट्या बेटावर तो माणसं नेतो, तांदळाची पोती नेतो, डुकरं नेतो, वेळ आली तर शवपेटीही नेतो. मी बासिलिसा, त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्या कुंपणाला लागूनच राहते आणि सुकी मासळी विकते. मधे नुसती बांबूची ताटी आहे, त्यामुळे त्या घरातलं भांडण ऐकायला मला कान टवकारावे लागत नाहीत.

सिल्वेरियो एके काळी भरपूर प्यायचा. तुबा, म्हणजे आमची नारळाची तांबडी माडी, त्याला सकाळीही चालायची. मग चार वर्षांपूर्वी एकदा भर दुपारी त्याने बोट खडकावर चढवली. कुणी दगावलं नाही, पण एका गरोदर बाईचा हात मोडला आणि तिचं ओरडणं त्याच्या डोक्यातून गेलं नाही. त्या संध्याकाळी त्याने ग्लास उपडा ठेवला तो ठेवलाच. बोटवाल्यांच्या संघाने अट घातली: पुन्हा प्यायलास तर बोट गेली. तो म्हणाला, कबूल.

तपासायला नेलं तेव्हा त्याचा रक्तदाब चढलेला निघाला. तिथून पुढे त्याची बायको, माझी मार्सियाना वहिनी, त्याच्या मागे हात धुऊन लागली. ती चर्चमध्ये आणि घरीही जपमाळेची प्रार्थना सांगते, गावातली निम्मी लग्नं तिच्या सल्ल्याने ठरतात. तिने नवऱ्याचं दारूबंदी खातं हातात घेतलं म्हणा ना. रोज सकाळी पडवीत बसवून त्याच्या दंडाला पट्टा बांधायची आणि आकडा असा ओरडून सांगायची, की रस्त्यावरच्या कोंबड्याही थांबाव्यात.

"एकशे सत्तर! खरं सांग, काल कुठे होतास?"

"बोटीवर. आणखी कुठे असणार?"

"आणि बोटीत काय होतं?"

"डुकरं होती. त्यांना विचार. ती माझ्यासारखी खोटं बोलत नाहीत."

गोळ्या चालू होत्या तरी आकडा खाली येत नव्हता. लोक हसत, मीही हसे. पण मनात एक पाल चुकचुकायचीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि माझ्या भावाचा पीळ मी लहानपणापासून पाहिलेला.

त्यांची एकुलती एक मुलगी रोडालिन सेबूला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. पावसाळ्याआधी ती आठवडाभर घरी आली ती सुया, नळ्या आणि थंड डबा घेऊन. त्यांचं एक मोठं संशोधन सुरू होत होतं आणि आधी सराव म्हणून काम करणाऱ्यांच्याच घरच्यांचं रक्त घ्यायचं होतं, अर्थात त्यांची तयारी असेल तर. जेवणाच्या टेबलाशी तिने आम्हाला समजावलं.

"हे बघा ताताय," ती बापाला म्हणाली, "माणसाची जनुकं जन्मापासून तीच असतात. पण आपण जगतो कसं, त्याच्या खुणा त्यांच्यावर बसतात. बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरतात ना, तसं. बोट तीच, पण बुड बघून कळतं की ती कुठे किती उभी होती. दारूच्या खुणा वेगळ्या असतात. कोण किती पितो ते त्याच्या तोंडाला विचारण्यापेक्षा रक्ताला विचारलेलं बरं, असं आमच्या मॅडमचं म्हणणं आहे. त्यातल्या कुठल्या खुणा आणि रक्तदाब हातात हात घालून चालतात, ते आम्ही शोधतोय."

"आणि दारू सोडली तर?" सिल्वेरियोने विचारलं.

"तर शिंपले हळूहळू गळतात. लगेच नाही."

"मग घे माझं," तो बाही वर करत म्हणाला. "तुझ्या आईच्या पट्ट्यापेक्षा तुझं मशीन बरं. निदान ओरडणार तरी नाही."

तिने बापाचं रक्त घेतलं, मग आईचं. मार्सियाना आधी नको म्हणत होती, मला सुई बघून भोवळ येते म्हणाली. पण लेकीच्या आग्रहाला शेवटी मान तुकवली. दोन्ही नळ्या टेबलावर उभ्या होत्या तेवढ्यात सेबूहून रोडालिनच्या मॅडमचा फोन आला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली. परत आल्यावर तिने नावांऐवजी क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, कुठला क्रमांक कुणाचा ते वहीत टिपलं, नळ्या डब्यात ठेवल्या आणि आम्ही जेवायला बसलो. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

मेलेल्यांच्या दिवसाला, म्हणजे नोव्हेंबर लागताच, रोडालिन पुन्हा आली. आम्ही सगळे स्मशानात आईबापाच्या कबरीवर मेणबत्त्या लावून, केळीच्या पानातला गोड भात उघडून बसलो होतो. पोरीचं लक्ष खाण्यात नव्हतं. बाप उठला की तिचे डोळे त्याच्या पाठीमागे जायचे. तो चुलतभावांच्या घोळक्यात उभा राहिला, तर ही त्याच्या हातात काय आहे ते मान उंचावून बघायची. हातात होती शहाळ्याची कवटी.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर मासळी पालथी करत होते, तर पोरगी बापाच्या रिकाम्या बोटीत. इंजिनावरचं झाकण उघडून आत हात घालत होती.

"काय हरवलं गं?" मी विचारलं.

ती दचकली. "काही नाही, तिया."

"काही नाही शोधायला कुणी ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालत नाही."

ती माझ्याजवळ येऊन वाळूत बसली. बोटांचं ग्रीस पुसत म्हणाली, "तिया, खरं सांगशील? ताताय पुन्हा प्यायला लागलेत का?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही." मग तिला राहवेना. "रक्ताने सांगितलं. हे मी बोलायला नको, आमच्यात एकेकट्याचा निकाल कुणाला सांगत नाहीत. पण त्यांच्या नळीतल्या खुणा रोज पिणाऱ्या माणसाच्या आहेत. कधीमधी पिणाऱ्याच्या नाही. रोज, आणि बऱ्यापैकी."

खरं सांगते, नवल वाटलं नाही. मनात धरलेला संशय खरा ठरला की माणसाला वाईट वाटतं आणि थोडं बरंही वाटतं. त्याचे लाल डोळे मला आठवले. परवा धक्क्यावर पाय घसरला होता, तेही आठवलं. खाऱ्या वाऱ्याने डोळे लाल होतात आणि शेवाळावर कुणाचाही पाय घसरतो, हे तेव्हा मनात आलंच नाही.

"आईला विचार," मी म्हटलं. "तिच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही."

आईशी ती बोलली तेव्हा मी ताटीच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. मुद्दाम नव्हे. कपडे ओले होते.

"नानाय, तुझं रक्त अगदी स्वच्छ आहे," रोडालिन हळू आवाजात म्हणाली. "पण ताताय यांचं..."

पलीकडे तांदूळ धुण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, वहिनी आता भांडं आपटणार, टाहो फोडणार, संतांची नावं घेणार. तसलं काही झालं नाही. पाणी पुन्हा वाजायला लागलं आणि ती म्हणाली, "तरीच."

बस, एवढाच शब्द. रोज सकाळी आकडा ओरडणारी बाई, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीवर नुसतं "तरीच". मला ते खटकलं. का खटकलं ते सांगता येईना, म्हणून सोडून दिलं.

त्या दुपारी जेवताना स्फोट झाला. सुरुवात रोडालिनने केली. तिने शहाणपणाने विचारायचं ठरवलं असावं, पण तोंडातून निघालं ते असं: "ताताय, हल्ली किती घेता?"

सिल्वेरियोचा घास हातातच राहिला. "काय किती घेतो?"

"मी रागावणार नाही. पण गोळ्यांवर पिणं धोक्याचं आहे. पक्षाघात येईल."

"मी पीत नाही."

"रक्त खोटं बोलत नाही, ताताय."

"आणि मी बोलतो?" त्याने बायकोकडे पाहिलं. "मार्सियाना, तू सांग तिला. रोज माझ्या तोंडाशी असतेस. मी पितो का?"

वहिनीने मान खाली घातली. ताटातल्या माशाचा काटा काढत राहिली. "मी काय सांगू?" ती म्हणाली. "बोटीवर तू काय करतोस ते मला काय ठाऊक?"

मी तिथेच होते, आंब्याचं लोणचं द्यायला गेले होते. भावाचा चेहरा मी पाहिला. माणूस चोरी पकडल्यावर असा दिसत नाही. कुणी त्याच्याच घरात त्याला ओळखलं नाही तर असा दिसतो. तो उठला, हात धुतले आणि पायात चपलाही न घालता निघून गेला.

गोष्ट एवढ्यावर राहती तरी चाललं असतं. पण आमच्या गावात भिंती बांबूच्या आहेत. वहिनीने प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना सांगितलं, "माझ्या नवऱ्यासाठी माळ जपा, तो पुन्हा घसरलाय, लेकीच्या प्रयोगशाळेतच निघालंय." प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलेली गोष्ट बाजारात सगळ्यात लवकर पोचते. दुसऱ्याच दिवशी बेटावरची मास्तरीण त्याची बोट सोडून मागच्या बोटीत बसली. तिच्या मागून पोती गेली, मग डुकरंही गेली.

संघाचा प्रमुख पोर्फिरियो म्हणजे आमच्या बालपणीचा सोबती, सिल्वेरियोला मानोय, म्हणजे दादा, म्हणणारा. तो धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मानोय सिल्वेर, किल्ली दे. तुझी मुलगी मोठ्या प्रयोगशाळेत आहे. ती म्हणते तर..."

"माझ्या तोंडाचा वास घे की लेका! डोळे बघ माझे!"

"शास्त्रापुढे मी कोण?" पोर्फिरियो खाली बघत म्हणाला.

सिल्वेरियोने किल्ली त्याच्या हातात दिली नाही, फळीवर ठेवली. गर्दीत मार्सियाना उभी होती. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, बोटात माळ फिरत होती.

त्यानंतर तो माझ्याकडे राहायला आला. रोडालिन रडत रडत सेबूला परत गेली. जाताना मला म्हणाली, "तिया, त्यांच्यावर लक्ष ठेव." मी लक्ष ठेवलं. एवढंसं माझं घर, त्यात माणूस लपवणार तरी काय? तो सकाळी माझ्या जाळ्यांना टाके घालायचा, दुपारी मासळीवरच्या माश्या हाकायचा, संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून बसायचा. मी त्याच्या पिशव्या उलट्या केल्या. पाणी प्यायचं भांडं तपासलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारिणीला दम देऊन विचारलं. ती म्हणाली, "चार वर्षांत तुझ्या भावाने माझ्याकडून साबण आणि काड्यापेटी यांखेरीज काही नेलं असेल तर जीभ झडो माझी."

मग माझ्या संशयाने दिशा बदलली. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण ते माझ्या घरात नव्हतं. ताटीपलीकडे माझी वहिनी दुपारी झोपायला लागली होती, जी आधी कधी दुपारी आडवी होत नसे. की आधीही होत होती आणि मीच बघत नव्हते? पेरूची पानं ती सारखी चघळायची. हिरड्यांसाठी, म्हणायची. नवऱ्याच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या या बाईने स्वतःच्या दंडाला तो कधी बांधलेला मी पाहिला नव्हता. नवरा घर सोडून गेला, गावात त्याची अब्रू गेली, आणि ती एकदाही ताटीपाशी येऊन त्याला "परत चल" म्हणाली नाही. शिव्या द्यायलाही आली नाही.

"मानोय," मी एकदा भावाला म्हटलं, "तुझ्या बायकोचं काहीतरी बिनसलंय."

"तिचं नाव घेऊ नकोस."

"तिला राग का येत नाही? मला येतो. तुला येतो. तिला का नाही?"

तो टाका घालता घालता थांबला.

त्याच आठवड्यात रोडालिन न सांगता आली. सकाळच्या जहाजाने उतरली आणि थेट माझ्या दारात. चेहरा पांढरा पडलेला. बाप बेटावर कुणाचं तरी इंजिन बघायला गेला होता. "तिया, माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "मी एकटी नाही जाऊ शकत."

मार्सियाना स्वयंपाकघराच्या पायरीवर शेवग्याचा पाला ओरबाडत बसली होती.

"नानाय," रोडालिन म्हणाली, "ताताय यांच्या नावाच्या नळीत बाईचं रक्त होतं."

पाला ओरबाडणारी बोटं चालूच राहिली. "मशीनला काय कळतंय?"

"एवढं नक्की कळतं. पुरुषाच्या रक्ताची ठेवण वेगळी, बाईच्या वेगळी. ते आम्ही सगळ्या नळ्या जमल्यावर शेवटी ताडून बघतो, कुठे गफलत झाली असेल तर कळावी म्हणून. तुझ्या नावाच्या नळीत पुरुषाचं रक्त आहे आणि त्यांच्या नावाच्या नळीत बाईचं. या घरातून दोनच नळ्या गेल्या होत्या."

वहिनीने काडी बाजूला टाकली. दुसरी घेतली नाही.

"मी टेबल पुसलं होतं," ती म्हणाली. "तू फोनवर गेलीस तेव्हा. जेवण मांडायचं होतं. नळ्या उचलल्या, पुसलं, परत ठेवल्या. डावी उजवी झाली असेल. मुद्दाम केलं नाही, देवाशपथ."

"ते मी विचारत नाहीये."

"तू काय विचारतेस ते मला ठाऊक आहे." तिने त्या हिरव्या झालेल्या हातानेच तोंड पुसलं. "तू म्हणालीस ना, नानाय तुझं रक्त स्वच्छ आहे म्हणून? त्याच क्षणी मला कळलं की नळ्या बदलल्या. आणि मी 'तरीच' म्हटलं."

मला राग आवरेना. "अगं बये, चार वर्षं त्याला पडवीत बसवून ओरडत होतीस!"

"हो. ओरडत होते. ओरडणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, बासिलिसा. ज्याच्यावर तो ओरडतो त्याच्याकडे बघतात."

मग तिने सगळं सांगितलं, कुठेही न अडता, जणू खूप वेळा मनात म्हणून झालं होतं. सिल्वेरियोने सोडली तेव्हा खांबांवर उभ्या त्यांच्या घराखाली बुधले भरलेले होते. तिच्या बापाने मरण्याआधी मुरत घातलेली जुनी तांबडी माडी, बहालिना. ती समुद्रात ओतायला तिचा हात धजेना. नवऱ्याला सांगितलं, विकून टाकली. मग वादळात तो बेटावर अडकायचा, तिला झोप लागायची नाही, तेव्हा एक घोट. पुढे वादळ नसलं तरी घोट. पुढे घोट घेतला नाही तर हात थरथरायचे, म्हणून हातात कायम माळ. बापाचे बुधले संपले तेव्हा स्वयंपाकाच्या शिरक्यासाठी म्हणून माडीवाल्याकडून घेऊ लागली.

"पण त्यांच्यावर का ढकललंस?" रोडालिन रडत होती. "त्यांची बोट गेली, नानाय!"

"त्याला बोलणी खायची सवय आहे," मार्सियाना म्हणाली. "मला नाही. प्यालेला पुरुष घरी येतो तर लोक हसून वाट देतात. प्यालेल्या बाईच्या मागून माळ कोण जपेल, सांग?"

मला दुसरंच काहीतरी दिसत होतं. तिच्या कपाळावरची शीर उडत होती आणि तिने बोलता बोलता दोनदा डोळे मिटून घेतले होते. मी पडवीतून तो पट्टा आणला आणि काही न विचारता तिच्या दंडाला गुंडाळला. तिने हात ओढून घेतला नाही. यंत्र फुगलं, सुस्कारलं आणि आकडा दाखवला. तो नवऱ्याच्या कुठल्याही सकाळच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वर होता.

"बिघडलंय," ती पुटपुटली.

रोडालिनने पुन्हा लावलं. आकडा तोच. "डोकं दुखतं?" तिने विचारलं.

"कधीपासूनच दुखतं. मला वाटायचं, पापाचं असेल."

तिला ताबडतोब इस्पितळात न्यायचं ठरलं. रोडालिनने बजावलं की आता एकदम सोडायचीही नाही, रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली तर झटके येतात, डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडावी लागते. आम्ही तिचे कपडे बांधत होतो तेवढ्यात सिल्वेरियो परत आला. ताटीपाशी उभा राहिला. स्वतःच्या घरात शिरायला परवानगी हवी असल्यासारखा.

त्याला मार्सियानानेच सांगितलं. आम्हाला तिने गप्प केलं. उभ्याउभ्याच, तीन-चार वाक्यांत.

तो आधी हसला. खरंच हसला, एखाद्याने फार वाईट विनोद केल्यासारखा. मग म्हणाला, "म्हणजे मी टाकली ती तू उचललीस."

"हो."

"धक्क्यावर मी किल्ली ठेवली तेव्हा तू तिथे होतीस."

"होते."

"काय पुटपुटत होतीस?"

"तू माझ्याकडे बघू नयेस म्हणून प्रार्थना करत होते."

मला वाटलं आता तो हात उचलेल, आणि उचलला असता तर मी मधे पडले नसते. पण त्याने तिचं गाठोडं उचललं आणि म्हणाला, "चल, गाडी गाठायची आहे." वाटेत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि इस्पितळात ती होती तोवर रोज डबा घेऊन गेला. डबा खाटेवर ठेवायचा, खिडकीबाहेर बघत बसायचा आणि रिकामा डबा घेऊन परत माझ्याकडे यायचा. घरी नाही, माझ्याकडे.

ती सुटून आली तेव्हा चेहरा उतरलेला, पण नजर साफ होती. मी तिला म्हटलं, पोर्फिरियोला मी जाऊन सांगते, तू कशाला तमाशा करतेस. सिल्वेरियो जाळ्यावरून मान वर न करता म्हणाला, "गावाला जिने सांगितलं तिनेच परत सांगावं."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर ती धक्क्यावर गेली. बोटवाले पत्ते खेळत होते, बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. ती फार मोठ्याने बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा. "ते रक्त माझं होतं," ती म्हणाली. "सिल्वेरियो पीत नाही. मी पीत होते. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. त्याची बोट त्याला द्या." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ती वळली, कोण हसलं ते बघितलं आणि घरी चालत गेली. त्या महिन्यात जपमाळेला तिच्या घरी दोनच म्हाताऱ्या आल्या. पुढे हळूहळू आणखी आल्या. त्यातली एक, नाव घेत नाही, मागच्या दाराने आली आणि इस्पितळातल्या त्या दारू सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात ते विचारून गेली.

पोर्फिरियो किल्ली घेऊन माझ्या अंगणात आला. "मानोय, चूक झाली रे."

"चूक कसली? शास्त्र होतं ना?" सिल्वेरियो म्हणाला. त्याने किल्ली घेतली, पण पोर्फिरियोला बसायला सांगितलं नाही. ते सांगायला त्याला बरेच दिवस लागले.

रोडालिनने प्रयोगशाळेत जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. तिच्या मॅडमनी तिला नमुन्यांच्या कामावरून काही महिने दूर केलं. त्या तिला म्हणाल्या म्हणे, की या खुणा हजार माणसांबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा आवाज खणखणीत असतो. एकट्या माणसाबद्दल त्या कुजबुजतात, आणि कुजबुजीवर कुणाला फाशी देत नाहीत. बापाच्या खऱ्या रक्तात काय निघालं ते तिने बापाला विचारून, त्याने हो म्हटल्यावरच सांगितलं: जुन्या खुणा होत्या, पुसत चाललेल्या. मग दाब का उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी तो काय खातो ते विचारलं. खारवलेली मासळी, तीही माझी, तिन्ही वेळ. गोळी बदलली, मासळी कमी केली. आता तो माझ्याकडे जेवायला बसला की मी ताट वाढताना चोरासारखी वाढते.

पुढच्या खेपेला घरी आली तेव्हा, सेबूला परतायच्या दिवशी, रोडालिन त्याच्या बोटीत बसून बेटाला जाऊन आली, नुसतीच, बापाबरोबर राहावं म्हणून. मीही होते, मासळीच्या टोपल्या घेऊन. ती सुकाणूपाशी सरकून म्हणाली, "ताताय, माझं चुकलं."

"तू रक्ताला विचारलंस," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "आत्याला विचारलंस. आईला विचारलंस. इंजिनालाही विचारलंस, मला कळलंय."

"तुम्हालाही विचारलं होतं."

"नाही. तू मला 'किती घेता' असं विचारलंस. 'घेता का' असं विचारलं नाहीस."

ती रडायला लागली तशी त्याने तिच्या हातात सुकाणू दिलं. "धर. रडताना हात मोकळे ठेवू नयेत." ती धरून बसली, बोट वाकडीतिकडी चालली, आणि मागच्या बायका ओरडायला लागल्या तेव्हा कुठे तो किंचित हसला.

नाताळच्या आधी तो स्वतःच्या घरी परत गेला. कुणी बोलावलं नाही, कुणी समजूत घातली नाही. एक दिवस माझ्याकडची चटई गुंडाळली आणि ताटीला वळसा घालून गेला. तिकडे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. ती बाजारातून उशिरा आली की तो दारात उभा राहतो. ती घराखाली काही आणायला उतरली की त्याचं बोलणं थांबतं. तिच्याही ते ध्यानात येतं. पूर्वीची मार्सियाना असती तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

परवा ताटीच्या फटीतून मला दिसलं. ती प्रार्थनेहून आली होती. तो बघत होता, तसाच. तिने पिशवी खाली ठेवली, सरळ त्याच्यासमोर गेली आणि त्याच्या तोंडावर श्वास सोडला.

"सांग."

त्याने मान फिरवली. "असू दे गं."

"असू दे नाही. सांग."

"लसूण," तो म्हणाला.

"आणि?"

"आल्याचा चहा."

"आणि?"

त्याने पुन्हा एकदा, प्रामाणिकपणे हुंगलं. "आणखी काही नाही," तो म्हणाला, आणि तिने आणलेली पिशवी उचलून आत घेऊन गेला.